कार्ड नाही, तर काम नाही

१२ जानेवारी

ही वही नवऱ्याने आणून दिली. "जेवताना स्प्रिंगा, फिरायला गेलो तरी स्प्रिंगा," म्हणाला. "जे काय असेल ते यात लिही आणि उरलेलं माझ्याशी बोल." काही उरेल असं वाटत नाही, पण बघू.

तर आजपासून आमच्या कारखान्यात कानबान सुरू, म्हणजे कार्डावर माल मागवायची जपानी पद्धत. आम्ही दवाखान्यांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवतो आणि त्यांना लागणारं सामान वेळेवर आणणं हे माझं काम. आतापर्यंत ते अंदाजपंचे चालायचं. महिन्याचा आकडा ठरवून पुरवठादारांना कळवायचा, मग नको त्याचे ढीग लागायचे आणि हव्या त्याची बोंब. आता तसं नाही. प्रत्येक भरलेल्या खोक्याला एक कार्ड. जोडणीवरच्या माणसाने खोकं उघडलं की त्याचं कार्ड काढून फळ्यावर लावायचं. टेम्पोवाला ते पुरवठादाराकडे नेणार. पुरवठादाराने एका कार्डाला एकच खोकं भरायचं आणि कार्ड त्यालाच बांधून परत पाठवायचं. कार्ड आलं तर काम करायचं, नाही आलं तर नाही. लहान मुलाला कळेल इतकं सोपं आहे, म्हणूनच मोठ्यांच्या गळी उतरवायला मला वर्ष लागलं.

सुरुवातीला एकच वस्तू घेतली आहे, स्प्रिंग. ब्रेकची लहान आणि बैठकीची मोठी. साहेबांनी मुद्दाम तीच निवडली, कारण स्प्रिंगा अण्णा बनवतात आणि अण्णा माझे वडील. "घरचा माणूस ऐकला की बाकीचे ऐकतील," म्हणाले. घरचा नाही ऐकला तर काय, ते मी विचारलं नाही. उद्या काही बिनसलं तर बोलायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

१३ जानेवारी

अण्णांना समजवायला गेले. घरामागची त्यांची शेड म्हणजे स्प्रिंगांचं गोदाम. एका कोपऱ्यात तार गुंडाळायचं मशीन, दुसऱ्यात भट्टी, आणि मधे छतापर्यंत डबे. कुणी शंभर मागितल्या तर अण्णा दीडशे करणार. का, तर ऐनवेळी कुणाची अडचण व्हायला नको. त्यातल्या काही स्प्रिंगा ज्या मालासाठी होत्या तो बंद होऊन माझं लग्नही जुनं झालं.

"कानबान म्हणतेस, की कानपिचक्या?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, नीट ऐका. कार्ड येईल तेवढंच करायचं. जास्त एकही नको."

"आणि रिकामा असलो तर?"

"बसायचं."

"बसायचं?" त्यांनी हा शब्द असा उच्चारला की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली.

आईला मात्र पटकन समजलं. माल घेणं, मोजणं, बांधणं हे सगळं तीच बघते. हातातलं काम ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि एकेक विचारत गेली.

"म्हणजे कार्ड आलंच नाही, तर मशीन चालवायचंच नाही?"

"नाही."

"यांनी ठरवलं तरी?"

"तरी नाही. कार्डाशिवाय केलेलं खोकं मी घेणारच नाही. परत पाठवीन."

"बापाचं खोकं परत पाठवशील?"

"पाठवीन."

आई म्हणाली, "फार चांगली पद्धत आहे गं." आमच्या कारखान्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी एवढी दाद दिली नव्हती. घरी येईपर्यंत मी खुशीत होते.

२३ जानेवारी

सगळं सुरळीत चाललंय. टेम्पोवाल्याला आम्ही 'आलोच' म्हणतो, कारण फोन केला की तो घरी आंघोळ करत असला तरी "आलोच" म्हणतो. पण या कार्डांच्या बाबतीत बहाद्दर अगदी वेळेवर आहे. अण्णांच्या शेडमधले डबे कमी झालेत, चालायला वाट झाली आहे. अण्णांना ती वाट आवडलेली नाही. आज फोनवर म्हणाले, "कानामागून आलं आणि तिखट झालं तुझं कानबान." ऐकतात मात्र. माझ्या वडिलांनी माझं ऐकावं याची मला अजून सवय झालेली नाही.

२ फेब्रुवारी

आज ब्रेकच्या स्प्रिंगांचं एक खोकं आलं नाही. आलोचने सगळी कार्डं पोहोचवली होती. अण्णांना फोन केला. म्हणाले, "हरवलं असेल माझ्याकडूनच. विसरलो कुठेतरी."

अण्णा आणि विसरले? माझ्या बारशाला कोण आलं नव्हतं ते त्यांना अजून आठवतं.

३ फेब्रुवारी

कारखान्यातून मधेच निघून शेडवर गेले. कार्ड सापडलं होतं. "खोक्याच्या मागे पडलं होतं," आई म्हणाली. अण्णा आत आडवे झाले होते. भर दुपारी माझ्या वडिलांना पाठ टेकलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गुडघे असतील. या वयात गुडघे बोलतातच.

मी लगेच निघणार होते, पण आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या आवडीचं सगळं केलेलं. मी येणार हे हिला आधीच कसं कळलं कोण जाणे.

१२ फेब्रुवारी

पुन्हा एक कार्ड गायब. या वेळी मी आलोचला धारेवर धरलं. बिचारा रडवेला झाला.

"ताई, शपथ घेतो. काकूंच्या हातात दिली. त्यांनी मोजून घेतली, मला पाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली. एक कमी असतं तर त्या बोलल्या नसत्या का?"

बोलली असती. हिशेबात आई अण्णांपेक्षा पक्की. म्हणजे आईच्या हातापासून अण्णांच्या मशीनपर्यंतच्या चार पावलांत कार्ड हरवतं. याचा अर्थ एकच होतो, आणि तो मला लिहावासा वाटत नाही. अण्णांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं.

आलोचची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या ताई, काकूंचा चहा मिळतो ना, त्यापुढे हे काहीच नाही."

१६ फेब्रुवारी

उपाय केला. अण्णांची कार्डं भडक नारिंगी केली, आकाराने दुप्पट केली, प्रत्येकाला दोरी लावली. शेडच्या दाराशी खिळ्यांची पट्टी ठोकून घेतली. आलं कार्ड की अडकव खिळ्याला. आता डोळे मिटून चालणाऱ्यालाही दिसेल.

आईने नवं कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. "एवढं मोठं कशाला? ठेवायला अडचण."

"ठेवायचं नाहीच आहे, आई. लावायचं आहे."

"तेच गं ते," ती म्हणाली.

२४ फेब्रुवारी

आज जोडणी बंद पडली. बैठकीची मोठी स्प्रिंग संपली, फळ्यावर कार्ड नाही, शेडवर कार्ड नाही, खोकं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जोडणीवरची माणसं दुपारभर हात बांधून बसली. एका दवाखान्याला आज जायच्या खुर्च्या अर्ध्याच गेल्या. तिथल्या बाईंचा फोन आला होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं खाटेवरच बसून आहेत हो."

साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. दुसरा एक स्प्रिंगवाला आहे, त्याची मशीनं आपोआप चालतात, त्याचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. "मार्चअखेरपर्यंत बघू," म्हणाले. "तुमचे वडील आहेत म्हणून मी थांबतोय असं लोक म्हणायला लागलेत. आणि खरं सांगायचं तर तसंच आहे."

आमच्याशिवाय अण्णांचं दुसरं मोठं गिऱ्हाईक उरलेलं नाही. आम्ही काम काढलं तर ती शेड बंद. आणि शेड बंद झाली तर सकाळी उठून अण्णा कुठे जातील, हे मला कितीही डोकं खाजवलं तरी सुचत नाही.

नवऱ्याने आज स्वतःहून विचारलं, "स्प्रिंगांचं काय?" मी रडले.

१ मार्च

रविवार. दिवसभर तिकडेच होते, मदतीच्या नावाखाली पाळत ठेवायला. लिहायलाही लाज वाटते, पण अण्णांवर नजर ठेवून होते.

दुपारी ते तारेचं वेटोळं आणायला दाराशी गेले. ते उचलून चार पावलं आले आणि मधेच थांबले. मग त्या वेटोळ्यावरच बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, जमिनीकडे बघत.

"अण्णा, काय झालं?"

"काही नाही. विचार करत होतो."

"कसला?"

त्यांनी नुसता हात हलवला. कुठे निघालो होतो तेच विसरले असणार. आई लगबगीने पाणी घेऊन आली आणि मला म्हणाली, "तू जरा ती तार उचल की." मी उचलली. मेली चांगलीच जड असते.

७ मार्च

आज मन घट्ट करून आईशी बोलले. म्हटलं, "अण्णांना मंगळवारी डॉक्टरकडे न्यायचं. आठवणीची तपासणी करतात, प्रश्न विचारतात, फार काही नसतं."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकच घडी तीनदा घातली.

"यांची आठवण चांगली आहे," ती म्हणाली.

"आई, तू रोज बघतेस म्हणून तुला कळत नाही. तीन कार्डं हरवली त्यांनी. स्वतः कबूल करतात."

"कबूल करतात?"

"मला फोनवर स्वतःच म्हणाले, विसरलो म्हणून."

आईने घडी घातलेला कपडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मीपण येईन डॉक्टरकडे."

१० मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते, कारण मला ते पुन्हा वाचावं लागणार आहे.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला गोड. अण्णांना म्हणाल्या, "काका, तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. चमचा, विहीर, पिवळा." मग इकडचं तिकडचं विचारलं, वार उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. अण्णांनी घड्याळ काढलं आणि त्यात सेकंदकाटासुद्धा दाखवला. मग त्यांनी शब्द विचारले.

"चमचा, विहीर, पिवळा," अण्णा म्हणाले. "तुमच्या बाहेरच्या पाटीवर तुमचं शिक्षण दोनदा लिहिलंय. आणि या खुर्चीच्या पाठीची स्प्रिंग बसली आहे. कुणीतरी पडेल."

डॉक्टर हसल्या. "काकांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे," त्या मला म्हणाल्या. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि उतरता उतरता मधेच अडकलं. मग कार्डं कशी हरवली?

मी विचारायच्या आत डॉक्टरांनी अण्णांना तपासायच्या टेबलावर चढायला सांगितलं. दोन पायऱ्यांचं स्टूल होतं. पहिल्या पायरीवर अण्णा थांबले. अगदी त्या रविवारी तारेपाशी थांबले होते तसे. श्वासाची शिटी मलासुद्धा ऐकू आली. डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पायांची सूज बोटाने दाबून पाहिली.

"दम कधीपासून लागतो, काका?"

"लागत नाही," अण्णा म्हणाले.

"गेल्या उन्हाळ्यापासून," आई म्हणाली.

हृदयाची पट्टी काढायला अण्णांना आतल्या खोलीत नेलं, तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. मी आईकडे बघितलं. ती पायांकडे बघत होती.

"कार्डं मी ठेवत होते," ती म्हणाली. "शिवणाच्या मशीनच्या खणात."

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी कधी नाही काढली. ज्या दिवशी यांचा श्वास वाजायचा त्या दिवशी एक काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की परत लावायचे. तुझ्या कारखान्याचं नुकसान नको म्हणून लहान स्प्रिंगेचंच काढायचे. त्या एका दिवशी मात्र मोठीचं काढलं. उभं राहवत नव्हतं यांना, भट्टीशी कसं जाऊ देऊ?"

"आई, तू मला सांगायचं नाहीस का?"

"तू रोज कुणाकुणाला काय काय सांगतेस, तुला ऐकायला वेळ कुठे असतो? आणि यांनी शपथ घातलेली, पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून." मग ती माझ्याकडे वळली. "तूच सांगितलंस ना, कार्ड नाही तर काम नाही. यांनी ठरवलं तरी नाही. जन्मभर सांगत आले मी, बसा जरा, बसा जरा. माझं कधी ऐकलं नाही. तुझ्या त्या कार्डाचं ऐकतात."

मी वर्षभर घसा फोडून ज्यांना कानबान शिकवलं त्यांच्यापैकी कुणालाही ते असं वापरता आलं नसतं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आईने मला जवळ घेतलं आणि आम्ही तशाच बसलो.

गाडीत मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे आहेत मला."

"मग विसरलो विसरलो म्हणत होतात ते?"

"मग काय सांगू?" अण्णा म्हणाले. "तुझी आई चोर आहे म्हणून?"

मागे बसलेली आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी आरशात पाहिलं, तिचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी सांगितलंय की हृदय दमलं आहे. औषधं नीट घेतली आणि जड काम सोडलं तर सांभाळता येईल. तार उचलायची नाही, भट्टीच्या धगीत उभं राहायचं नाही, जे करायचं ते बसून आणि थोडं. हे ऐकलं नाही तर काय, ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

११ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील, नाहीतर हसतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या घरात एवढं डोकं कुणी चालवलं नाही."

मग कामाचं बोललो. बैठकीची मोठी स्प्रिंग दुसऱ्या स्प्रिंगवाल्याकडे द्यायची. तीच जड, तिलाच भट्टी लागते. ब्रेकची लहान अण्णा बसून करू शकतात, तीही थोडी. "कार्डं किती ठेवायची हे ठरवणं तुमचं खातं," साहेब म्हणाले. "तिथे मला विचारू नका."

खरंच ते माझंच खातं. या पद्धतीत कुणाला 'काम कमी करा' असं सांगावं लागत नाही. फिरणाऱ्या कार्डांतून काही काढून घेतली की काम आपसूक कमी होतं. हेच मी किती सभांमधून, फळ्यावर बाण काढून काढून शिकवलं. आज फळ्यावरून अण्णांच्या मोठ्या स्प्रिंगेची नारिंगी कार्डं एकेक करून उतरवली. लहान स्प्रिंगेची चारच ठेवली. जोडणीवरच्या मुली काम थांबवून बघत होत्या.

१५ मार्च

अण्णांना सांगितलं. आई कार्ड लपवायची तेव्हा ते मुकाट ऐकायचे, म्हणून हेही ऐकतील असं मला वाटलं होतं. मी किती मूर्ख आहे.

"लपवलेलं कार्ड परत येतं," ते म्हणाले. "काढून टाकलेलं येत नाही."

"अण्णा, लहान स्प्रिंग आहे ना तुमच्याकडे."

"तीही घेऊन जा. दयेचं काम नको मला."

"दया नाही. तुमच्याइतकी एकसारखी स्प्रिंग तो दुसरा करून दाखवू दे."

"तो सकाळी बटण दाबून घरी जातो. तुला सारखी पाहिजे असेल तर त्याच्याकडेच जा."

जेवले, पण माझ्याकडे न बघता. औषधाची गोळी आईने समोर ठेवली, ती ताटाच्या कडेला तशीच राहिली. निघताना आई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "एक दिवस यांना बसवायचं मला जमत होतं. कायमचं कसं बसवायचं ते नाही माहीत."

मलाही माहीत नाही. मी खरं तेच केलं, बरोबर तेच केलं, आणि आज मला माझ्या वडिलांची फार भीती वाटते आहे. त्यांच्या रागाची भीती लहानपणी वाटायची. आता ते राहतील ना, याची वाटते.

१७ मार्च

आईचा फोन. गोळी घेत नाहीत. शेडमध्ये नुसते उभे राहतात आणि परत येतात.

नवरा म्हणाला, "सुट्टी घे आणि जा." म्हटलं, गुरुवारी जाईन, उद्या कारखान्यात तपासणीवाले येणार आहेत. तो काही बोलला नाही. त्याने न बोलण्यातही एक पद्धत बसवली आहे.

१८ मार्च

सकाळी कारखान्यात पोहोचते न पोहोचते तोच आईचा फोन. "यांनी कार्डाशिवाय मशीन लावलंय," एवढंच बोलली. तपासणीवाल्यांना साहेबांच्या गळ्यात घातलं आणि निघाले.

भट्टी पेटलेली होती. अण्णा मशीनशी उभे होते, पाय पेडलवर, आणि मोठ्या स्प्रिंगा एकापाठोपाठ एक खोक्यात पडत होत्या. शर्ट पाठीला चिकटलेला. पेडल दाबताना दर खेपेला तोंड उघडत होते. आई दोन हातांवर खुर्ची घेऊन उभी होती, ते बसतील तेव्हा मागे सरकवायला. ती किती वेळ अशी उभी होती, मी विचारलं नाही.

"अण्णा, बंद करा."

पेडल, स्प्रिंग. पेडल, स्प्रिंग.

"कुणासाठी करताय? मी हे खोकं घेणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"घेईल कुणीतरी."

"कोण घेईल, अण्णा?"

त्यांनी पुन्हा पेडल दाबलं. खोकं भरत आलं होतं. त्यांच्या हातांना मात्र काही झालेलं नव्हतं, प्रत्येक स्प्रिंग आधीच्या स्प्रिंगेसारखीच निघत होती. मी त्यांच्या दंडाला धरलं. दंड केवढासा झाला होता.

"तुझा तो हिशेब मला कळतो गं," अण्णा म्हणाले. दर दोन शब्दांनी थांबत होते. "कार्डं कमी म्हणजे काम कमी. आणि काम कमी म्हणजे मी कमी. रोज थोडा थोडा. मग एक दिवस फळ्यावर काहीच नाही."

हिशेब बरोबर होता. तो मीच शिकवला होता.

आईने खुर्ची खाली ठेवली. ती मशीनला वळसा घालून त्यांच्यासमोर आली. तिला त्यांच्याशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ती माझ्यासाठी बोलतही नव्हती.

"व्हा ना कमी," ती म्हणाली. "तुम्ही होतात तेवढे सगळे या शेडला दिलेत. मी काही म्हटलं का? आता थोडे उरलात तरी मला पुरता. पण तेवढे तरी राहा."

अण्णांचा पाय पेडलवर होता, पण दाबला नाही. भट्टीचा नुसता घों घों आवाज येत होता. मग आईने हात लांब करून भट्टीचं बटण बंद केलं आणि अण्णांनी तिला अडवलं नाही.

मी खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. ते बसले. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला, तोवर आई पदराने त्यांचा चेहरा, मान, हात पुसत होती, आणि ते पुसू देत होते. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "लहानीची किती कार्डं आली आहेत?"

"आज एकच आहे," आई म्हणाली.

"खरंच एक, की खणात आणखी आहेत?"

"खरंच एक."

त्यांनी हात पुढे केला. आईने खिळ्यावरून कार्ड काढून त्यांना दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, वाचण्यासारखं त्यावर फारसं नसतं, आणि मशीनवर ठेवलं.

"जेवून करतो," अण्णा म्हणाले.

"गोळी आधी घ्यायची आहे," आई म्हणाली आणि ताटं वाढायला घरात गेली. अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि सावकाश तिच्यामागे गेले.